शंभर खेळाडू गुणिले चाळीस हजार

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका वहिनींचा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंगापिंडाने दणकट, गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यात जड ढोल त्याच्याच कमरेला असतो. तो फुटबॉल खेळतो. आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, अंड्यासारखा चेंडू काखेत मारून समोरच्याच्या अंगावर धावून जायचं, तो अमेरिकी फुटबॉल. एका छोट्या कॉलेजचे कोच त्यांच्या घरी येऊन गेले. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. पुढे कॉलेजचं पत्र आलं: वर्षाला २२,००० डॉलरची स्कॉलरशिप. वहिनींनी पेढे वाटले. "खेळावर मिळाली हो!"

त्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर आला. मूळ इंग्रजीत कुणा माजी खेळाडूने लिहिलेला असावा. तो इथे गेली काही वर्षं वेगवेगळ्या रूपांत फिरतोच आहे. यंदा कुणीतरी त्याचा मराठी गोषवारा करून टाकला. तो असा: छोट्या कॉलेजांतले प्राध्यापक फुटबॉल बंद करा म्हणून ओरडतात, पण त्यांना हिशेब कळत नाही. शंभर खेळाडू, प्रत्येकाची फी ४०,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ४० लाख डॉलर. संघाचा खर्च सात-आठ लाख. उरलेल्या पैशांतूनच त्या प्राध्यापकांचे पगार होतात. फुटबॉल नसेल तर मुलगे कॉलेजात येणारच नाहीत. गरीब वस्तीतली, कृष्णवर्णीय, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं तर फुटबॉलमुळेच येतात. माजी विद्यार्थी देणग्या देणार नाहीत. मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल जसा बाकी सगळ्यांना पोसतो, तसाच तो इथेही पोसतो. आणि शेवटी धमकीवजा एक वाक्य: ज्या कॉलेजाने फुटबॉल बंद केला, त्याने स्वतःची कबर खणली.

मी ओहायोत एका छोट्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्याकडे फुटबॉलचा संघ आहे आणि त्यातली पाच-सात मुलं दर सत्रात माझ्या वर्गात असतात. चांगली मुलं आहेत. शनिवारी सामना असला की सोमवारी सकाळी बाकावर बसताना कण्हतात, पण गृहपाठ वेळेवर देतात. तर ज्यांना हिशेब कळत नाही असं हा मजकूर म्हणतो, त्यांपैकी मी एक. आपण हिशेबच करू.

सोपा मुद्दा आधी घेते, मोठ्या विद्यापीठांचा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. टीव्हीचे हक्क, तिकिटं, टोप्या-टीशर्ट यांतून येणारा पैसा आपल्याकडच्या आयपीएलच्या भाषेतला आहे. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर अशी विद्यापीठं खेळाडूंना वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर थेट वाटू शकतात. पण त्या वरच्या गटातल्या सव्वाशे-दीडशे विद्यापीठांतही क्रीडा विभागाची कमाई खर्चापेक्षा जास्त असलेली विद्यापीठं साधारण दोन डझनच निघतात, आणि हे आकडे कॉलेजांच्या स्वतःच्याच क्रीडा संघटनेचे, एनसीएएचे आहेत. बाकीची विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून भर घालतात. म्हणजे 'फुटबॉल सगळ्यांना पोसतो' हे मोठ्यांच्या बाबतीतही बहुतेक ठिकाणी खरं नाही. आणि आमच्यासारख्यांकडे टीव्हीच नाही, तर टीव्हीचा पैसा कुठला? आमच्या सामन्याला खेळाडूंचे आईबाप, त्यांच्या मैत्रिणी, बँडवाले आणि एक म्हातारा कुत्रा येतो. तिकिटाच्या पैशांतून त्या दिवशीचे दिवे जळतात की नाही, शंका आहे.

मात्र 'तिकिटं विकली जात नाहीत, म्हणून संघ तोट्यात, म्हणून बंद करा' असं म्हणणारेही चूकच आहेत, आणि आमच्या स्टाफरूममध्ये ते पुष्कळ आहेत. छोट्या कॉलेजात फुटबॉलचं उत्पन्न मैदानाच्या फाटकावर येत नाही, ते फीच्या खिडकीवर येतं. मजकूर लिहिणाऱ्याला एवढं बरोबर कळलं आहे. पण त्या खिडकीवर प्रत्यक्षात किती येतं, तिथे तो घसरला.

इथली छोटी कॉलेजं बहुतेक एनसीएएच्या तिसऱ्या विभागात खेळतात. चारशेहून जास्त कॉलेजं आणि सुमारे दोन लाख खेळाडू असलेला हा सगळ्यात मोठा विभाग आहे. त्याचा पहिला नियम हा, की खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. एक डॉलरसुद्धा नाही. मग वहिनींच्या पत्रातले २२,००० कुठले? ती फीची सवलत. खाजगी कॉलेजं छापील फी भली मोठी ठेवतात आणि मग जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही नाव देऊन ती कमी करतात: गुणवत्ता, नेतृत्व, अध्यक्षांचं पारितोषिक, अमुक चर्चचे सभासद. दिवाळीच्या सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग 'पन्नास टक्के सूट'ची पाटी लावतात, तसंच. कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या अर्थाधिकाऱ्यांची संघटना दरवर्षी खाजगी कॉलेजांतल्या या सवलतींची पाहणी करते. पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सवलत आता छापील फीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास गेली आहे. चाळीस हजारांचे ५६ टक्के किती होतात ते बघा: २२,४००. वहिनींच्या मुलाला खेळावर काही मिळालेलं नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या, आयुष्यात चेंडू न पकडलेल्या मुलीला जे मिळतं तेच मिळालंय.

तेव्हा गुणाकार पुन्हा मांडू. चाळीस हजारांतून ५६ टक्के गेले की हातात येतात १७,६००. शंभर खेळाडूंचे झाले १७ लाख ६० हजार. चाळीस लाखांतले बावीस-तेवीस लाख पहिल्याच ओळीत गळाले. आता समजा, या शंभरांतली पंचवीस मुलं फुटबॉल नसता तरी आली असती. कुणाचं घर जवळ आहे, कुणाची बहीण तिथे शिकते, कुणाला तिथला फार्मसीचा अभ्यासक्रम हवाय. पंचवीस हा आकडा मी नुसता धरलाय. खरा आकडा प्रत्येक कॉलेजाने आपापला शोधायचा असतो आणि बहुतेक कॉलेजं तो शोधत नाहीत, कारण तो कोचलाही नको असतो आणि अध्यक्षांनाही. तर पंचाहत्तर मुलांचे झाले १३ लाख २० हजार. त्यातून मजकुरातलाच आठ लाखांचा खर्च वजा करा. उरले पाच लाख वीस हजार. वसतिगृहाचे आणि खानावळीचे पैसे वरून येतात, मान्य. पण मुलं जेवतात. लाइनमनला, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूला, जेवताना तुम्ही पाहिलेलं नाही.

शिवाय त्या आठ लाखांत काय काय धरलं आहे हे मजकूर सांगत नाही. कृत्रिम हिरवळ दहा-बारा वर्षांनी उखडून नवी टाकावी लागते, त्याला लाखो डॉलर लागतात. तो खर्च 'इमारती' या सदरात जातो, फुटबॉलच्या नाही. घोटे बांधणारे, डोक्याला मार लागला की डोळ्यांत टॉर्च मारून पाहणारे अ‍ॅथलेटिक ट्रेनर 'आरोग्य'मध्ये जातात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याप्रमाणे मुलींना खेळाची संधी मुलग्यांच्या बरोबरीने द्यावी लागते, त्यामुळे शंभर मुलग्यांचा एक संघ काढला की मुलींचे आणखी काही संघ काढावे लागतात. ते 'इतर क्रीडा'. (ही त्या कायद्याची चूक नव्हे. मुलींचा सॉफ्टबॉल संघ आमच्याकडे सगळ्यात हुशार आहे, हे मी गुणपत्रिका पाहून सांगते.) हे सगळं गोळा केल्यावर काही कॉलेजांत लाख-दोन लाख उरतात, काहींत उणे होतं. चाळीस लाख कुठेच होत नाहीत.

आता या बेरजेच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि माझ्या मते सगळा वाद त्याच्यापाशी येऊन थांबतो. ते गृहीत असं, की कॉलेजात शंभर खुर्च्या रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या असतील तर तिथे बसणारा प्रत्येक खेळाडू वरकड उत्पन्न आहे. वर्ग तसाही होणार होता, शिक्षक तसाही बोलणार होता. पण खुर्च्या भरलेल्या असतील तर?

पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजाने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल बंद केला. सुमारे १,४०० विद्यार्थ्यांचं कॉलेज, प्रवेशासाठी रांग लागलेली. तिथे एक फुटबॉलपटू घ्यायचा म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी दारातून परत पाठवायचं. इतक्या लहान वर्गात इतका मोठा संघ बसवताना प्रवेशाची ओढाताण होत होती, म्हणून त्यांनी तो थांबवला. माजी विद्यार्थी खवळले, सभा झाल्या, पत्रं गेली. डार्टमथ या नामांकित कॉलेजाच्या प्रवेश विभागाच्या प्रमुखांनी मात्र स्वार्थमोरच्या अध्यक्षांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, की फुटबॉलमुळे येणाऱ्या वर्गाच्या दर्जाची किंमत मोजावी लागते. डार्टमथचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे. चार वर्षांनी ते पत्र बाहेर आलं आणि बिचाऱ्यांना आपल्याच कोचसमोर तोंड लपवायची वेळ आली. खाजगीत बोललेलं खरं असतं म्हणतात, ते असं.

म्हणजे ज्या कॉलेजाला फुटबॉलची गरज नाही तेच तो सहज सोडू शकतं, आणि ज्याला पैशांची खरी गरज आहे त्याला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. संघ बंद केला की शंभर मुलं एका वर्षात दुसरीकडे जायला लागतात आणि त्यांच्या रिकाम्या खोल्या लगेच दिसतात. त्यांच्यामागचे खर्च मात्र हळूहळूच कमी होतात. ही भीती खोटी नाही. मी आमच्या अध्यक्षांच्या जागी असते तर मीही उद्या सकाळी संघ बंद केला नसता.

पण भीती वेगळी आणि 'कबर खणली' हे विधान वेगळं.

फुटबॉल बंद करण्याची या देशातली सगळ्यात गाजलेली गोष्ट शिकागो विद्यापीठाची. ते काही छोटं कॉलेज नव्हतं. बिग टेन या आजही बलाढ्य असलेल्या गटाचं ते संस्थापक सदस्य. हाइजमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो त्यांच्याच जे बर्वँगरला. चार वर्षांनी, १९३९ मध्ये, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी संघच बरखास्त केला. स्टॅग फील्ड हे मैदान रिकामं पडलं. तिथल्या पश्चिमेकडच्या प्रेक्षकसज्ज्याखाली रॅकेटच्या खेळाचं एक कोर्ट होतं. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जगातली पहिली मानवनिर्मित, आपोआप चालू राहणारी अणुसाखळी प्रक्रिया सुरू केली. फुटबॉल चालू असता तर फर्मींना दुसरी जागा मिळालीच असती, तेव्हा या योगायोगातून मी काही सिद्ध करत नाही. पण ते विद्यापीठ मेलं नाही, एवढं नक्की. आणि मौज अशी की १९६९ मध्ये तिथे फुटबॉल परत आला, पण छोटा होऊन, स्कॉलरशिपशिवाय. आज ते तिसऱ्या विभागात खेळतात.

ते श्रीमंत होतं म्हणाल. ठीक. डॅलसचं पॉल क्विन कॉलेज घ्या. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं, गरीब, काही शे विद्यार्थ्यांचं, २००७ मध्ये अगदी बंद पडायच्या बेतात आलेलं. मायकल सोरेल अध्यक्ष म्हणून आले आणि त्यांनी पहिल्या काही निर्णयांतच फुटबॉल बंद केला. कॉलेज ज्या भागात आहे तिथे जवळपास धड किराणा दुकान नव्हतं, ताजी भाजी मिळणं मुश्किल. २०१० मध्ये त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शेत केलं. गोलपोस्ट तसेच उभे आणि मध्ये भाजीचे वाफे. ती भाजी पुढे डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या स्टेडियममधल्या स्वयंपाकघरातही जायला लागली. म्हणजे तुमचं मैदान मोडून आम्ही पालक लावला आणि तो तुम्हालाच विकला! कोकणातल्या कुठल्याही आजीने या व्यवहाराला मान डोलावली असती. कॉलेज अजून चालू आहे. २०१७ मध्ये त्याला 'काम करत शिकण्याचं कॉलेज' म्हणून सरकारी मान्यता मिळाली. तिथले विद्यार्थी नोकरी करत शिकतात आणि त्यामुळे त्यांच्यावरचं कर्ज कमी राहतं.

इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजाचा संघ सलग ५३ सामने हरला, तेव्हा २०१८ च्या हंगामानंतर त्यांनी तो थांबवला. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजाने २०२० मध्ये बंद केला. दोन्ही कॉलेजं उभी आहेत.

आता उलट्या बाजूने बघू. आयोवा वेस्लियन विद्यापीठ १८४२ सालचं. १९८९ ते १९९१ या काळात हॅल मम्मी तिथे मुख्य कोच होते आणि माइक लीच त्यांचे सहायक. सतत लांब-आखूड पास फेकत राहण्याची जी 'एअर रेड' पद्धत आज अमेरिकाभर खेळली जाते, ती तिथे आकाराला आली. फुटबॉलच्या इतिहासात इतकं योगदान क्वचितच कुठल्या छोट्या कॉलेजाचं असेल. २०२३ मध्ये ते बंद झालं. वेस्ट व्हर्जिनियातल्या अल्डरसन ब्रॉडस विद्यापीठाने २०१३ मध्ये फुटबॉल नव्याने सुरू केला, २०२३ मध्ये विद्यापीठ बंद. आमच्याच ओहायोतलं, क्लीव्हलँडजवळचं नोत्र दाम कॉलेज: फुटबॉल २०१० पासून, २०२४ मध्ये बंद. साउथ कॅरोलायनातलं लाइमस्टोन विद्यापीठ: फुटबॉल २०१४ पासून, २०२५ मध्ये बंद. अलाबामाच्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजाने तर विद्यार्थिसंख्या वाढावी म्हणून २००६ मध्ये पहिल्या विभागातून तिसऱ्यात उतरायचं ठरवलं आणि २००७ मध्ये, कित्येक दशकांच्या खंडानंतर, फुटबॉल परत आणला. ३१ मे २०२४ ला कॉलेज अधिकृतपणे बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉलचा संघ आमच्या ओहायोत येऊन राष्ट्रीय अंतिम स्पर्धा खेळत होता. छातीवर नाव होतं, ते कॉलेज नव्हतं.

संख्याशास्त्र शिकवते म्हणून एक कबूल करायलाच हवं: अशा दोन याद्या शेजारी ठेवून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. फुटबॉलमुळे ही कॉलेजं बुडाली, असं मी म्हणत नाही. बुडणारं कॉलेज काडी शोधतं आणि ती काडी बहुधा फुटबॉल असते, म्हणून बुडालेल्यांच्या यादीत फुटबॉलवाले जास्त दिसतील. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला. फुटबॉल नव्याने सुरू करणारी कॉलेजं आणि तशीच, पण फुटबॉल सुरू न केलेली कॉलेजं त्यांनी ताडून पाहिली. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला विद्यार्थी वाढल्याचं दिसतं, पण ती वाढ टिकत नाही. फीच्या उत्पन्नातही टिकाऊ फरक सापडला नाही. पी हळद आणि हो गोरी, याची आकडेवारी म्हणा.

का टिकत नाही, हे समजायला वडापावच्या गाड्या आठवाव्यात. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजात २००५ मध्ये जेफ्री डॉकिंग अध्यक्ष झाले. त्यांनी कर्ज काढून मैदानं बांधली, नवे खेळ सुरू केले आणि प्रत्येक कोचला आकडा दिला, की एवढी मुलं दरवर्षी आणलीच पाहिजेत. विद्यार्थी धडाधड वाढले. देशभरच्या छोट्या कॉलेजांचे अध्यक्ष ते बघायला गेले आणि परत येऊन त्यांनीही तेच केलं. कोपऱ्यावर पहिली गाडी लावणाऱ्याचा धंदा होतो. त्याच कोपऱ्यावर दहा गाड्या लागल्या की गिऱ्हाइकं तेवढीच राहतात आणि प्रत्येक जण चटणी फुकट द्यायला लागतो. इथे चटणी म्हणजे फीची सवलत. आणि गिऱ्हाइकं तेवढीच राहिली असती तरी बरं होतं. २००७ मध्ये अमेरिकेत ४३ लाखांवर मुलं जन्मली, तो उच्चांक होता. २००८ च्या मंदीपासून आकडा एकंदरीत घसरत आला आहे. ती २००७ ची मुलं आता अठराची झाली. यापुढे दरवर्षी हायस्कूलमधून बाहेर पडणारी मुलं कमी असणार, आणि त्यांच्यामागे पोहे खायला येणारे कोच मात्र जास्त.

मुलग्यांचा मुद्दा. यात तथ्य आहे. इथे पदवीच्या वर्गांत दर दहा विद्यार्थ्यांत जवळजवळ सहा मुली असतात, आणि छोट्या कॉलेजांत मुलगे मिळवणं ही खरोखरची डोकेदुखी आहे. इंडियानातलं वाबाश कॉलेज फक्त मुलग्यांचं, हजाराच्या आतलं. तिथे फुटबॉल काढून घ्या म्हणणारा माणूस वेडाच. पण मजकूर फक्त प्रवेशाच्या दिवशीचे मुलगे मोजतो. पदवीदानाच्या दिवशी किती उरतात? शंभरांच्या संघात मैदानावर एका वेळी अकराच. पहिल्या वर्षी चाळीस-पन्नास पोरं आणायची, त्यातल्या कित्येकांना दोन वर्षं गणवेश घालून कडेला उभं राहावं लागतं, आणि मग ती गळतात. जाताना केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज घेऊन जातात. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या नावावर ५,५०० डॉलर मिळू शकतात, त्यावरचं बऱ्याचदा आईबापांच्या नावावर असतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजात येणारी, कृष्णवर्णीय, गरीब वस्तीतली मुलं फुटबॉलमुळे इथे येतात, हे मजकूर अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. मग त्यांच्या पदव्यांचाही आकडा द्यायला हवा होता. आणि कॉलेजच बंद पडलं तर? कॉलेज बंद झाल्यावर निम्म्याहून कमी विद्यार्थी पुन्हा कुठे प्रवेश घेतात, असं याच विषयावरच्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं.

देणग्यांबद्दल फार बोलत नाही. संघ बंद झाला की काही माजी विद्यार्थी चेकबुक बंद करतात, हे होतं. काही वर्षांनी उघडतात, हेही होतं. शिवाय फुटबॉलसाठी आलेली देणगी बहुधा फुटबॉललाच बांधलेली असते. त्यातून स्कोअरबोर्ड येतो, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा येत नाही. पण या मुद्द्यामागची भावना मला कळते. होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी परत येऊन सामना बघायचा शनिवार ही गावची जत्राच. चाकरमानी पालखीला येतात तसे साठीचे, सत्तरीचे लोक जुनी जाकिटं घालून येतात. वाबाश आणि डीपॉ ही तीसेक मैलांवरची दोन कॉलेजं १८९० पासून एकमेकांशी खेळतात. जिंकणाऱ्याला रेल्वेच्या इंजिनावरची तीनशे पौंडांची एक घंटा मिळते आणि ती वर्षभर त्याच्या आवारात राहते. हे तोडा असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त जत्रेचा खर्च जत्रेच्या नावाने लिहावा. तो शेतीचा नफा म्हणून दाखवू नये.

एक गोष्ट मजकुरात नाहीच: डोकं. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास छापला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवारच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. हा नमुना एकांगी आहे. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनीच मेंदू दान केले, त्यामुळे दर शंभरात नव्वद असं म्हणता येणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत तसं लिहिलं तर मी गुण कापते. पण गुण कापतानाही तो ४८ चा आकडा डोळ्यांसमोरून जात नाही. आणि हा धोका मोठ्या स्टेडियमपुरता नाही. मेरीलँडमधल्या फ्रॉस्टबर्ग स्टेट या तेव्हा तिसऱ्या विभागात असलेल्या विद्यापीठाचा एक खेळाडू २०११ मध्ये हंगामापूर्वीच्या सरावात डोक्याला मार लागून गेला. २०१६ मध्ये त्या खटल्यात १२ लाख डॉलरची तडजोड झाली. मजकुराच्या गुणाकारात ही रक्कम कुठल्या ओळीत लिहायची?

वहिनींना मी यातलं निम्मंच सांगितलं. पेढे खाल्ले होते. मुलाला खेळू नको असंही म्हटलं नाही. तो ऐकणार नाही आणि मैदानावर तो खरोखर देखणा दिसतो. फक्त त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरची संघाची यादी उघडून दाखवली. ती कुणालाही बघता येते. प्रत्येक नावापुढे वर्ष लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षाची नावं संपायला बराच वेळ बोट फिरवावं लागलं. चौथ्या वर्षाची दोन हातांच्या बोटांवर आली.

"बाकीची कुठे गेली?" वहिनींनी विचारलं.

मग मुलानेच कोचना फोन लावला, स्पीकरवर. कोच खूश झाले, पोह्यांची आठवण काढली. मुलाने विचारलं, चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जणांना यंदा पदवी मिळतेय? आणि तुमच्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंग आहे ना? कोच म्हणाले, चांगले प्रश्न आहेत, प्रवेश कार्यालयाला विचारून सांगतो.

त्याला आता तीन आठवडे झाले. मधल्या काळात त्यांचा एक मेसेज आला, त्यात मुलाच्या हेल्मेटचं माप विचारलं होतं.